आखूड दावं

मी एकदा एक होडी खुंट्याला टांगली होती. बांधायला गेलो होतो, टांगली गेली. कोकणातल्या एका खाडीच्या धक्क्यावर, सकाळी आठच्या सुमाराला, काठोकाठ भरतीच्या पाण्यात मी तिचा दोर खुंट्याला आवळला. वऱ्हाडात, भातकुलीकडच्या आमच्या गोठ्यात मारक्या बैलाला आवळतात तसा: आखूड, दोन पीळ आणि वर गाठ. बैलाने शेजारच्याच्या गव्हाणीत तोंड घालू नये म्हणून दावं आखूड ठेवायचं, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा खाली उतरतं, हे मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते मीच शिकवत होतो. अमरावतीच्या शाळेत, भूगोलाच्या तासाला. धड्याचं नाव भरती आणि ओहोटी.

दोन-अडीच तासांनी येऊन पाहतो तर पाणी गेलेलं. वेसणीला धरून कोणी वर ओढावी तशी होडी उभी लटकलेली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे आणि बूड चिखलात.

आता इतक्या वर्षांनी हा प्रसंग सांगतो तेव्हा आमची मुलं एवढ्यावरच हसून उठून जातात. पण ती होडी कोणाची होती आणि ती टांगली गेली म्हणून काय झालं, ते ऐकायला कोणी थांबत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

होडी आमच्या घरमालकांची. त्यांना सगळे बापू म्हणत. वरुडला संत्र्याची बाग, अमरावतीला दुमजली घर. वरच्या मजल्यावर ते एकटे आणि खाली आम्ही दोघं, मी आणि माझी बायको. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शाळेच्या भिंतीवर प्रांताचा जो नकाशा होता, त्यात समुद्र नव्हताच. निळ्या रंगाच्या नद्या तेवढ्या दोऱ्यासारख्या. अशा ठिकाणी ज्या माणसाचं स्वतःचं गलबत समुद्रावर आहे, त्याला लोकांनी वेडा म्हटलं नसतं तरच नवल.

गलबत म्हणजे खरं तर मचवा. एक डोलकाठी, एक मोठं शीड, आत झोपायला दोन फळ्या, चुलीपुरती जागा आणि काठाला जायला मागे बांधलेली ही होडी. तो बारा महिने कोकणात दोन खलाशांच्या ताब्यात असे. आंब्या बहाराची संत्री उतरली, की बापू नाताळच्या आसपास दहा-बारा टोपल्या घेऊन बदनेऱ्याला मुंबईच्या गाडीत बसत आणि महिनाभर खाड्याखाड्यांतून हिंडून परत येत. व्यापार नाही, यात्रा नाही. भेटीगाठी. खाड्यांतून त्यांच्यासारखीच हौशी मंडळी आपापल्या बोटी घेऊन हिवाळ्यात हिंडत, त्यांच्या बोटीवर जाऊन टोपलीभर संत्री द्यायची, तासभर बसायचं आणि पुढची खाडी.

वरुडच्या लोकांना हे समजावणं कठीण. त्यांचा एक चुलतभाऊ मला म्हणाला होता, "मास्तर, सोयरिकीत जायाले यायले टाइम भेटत नाई, आन् हा पान्यातल्या लोकाईले फळं वाटून राह्यला!"

बापूंच्या सवयी सगळ्या बोटीवरच्या. घराच्या गच्चीवर बांबूला लाल फडकं बांधलेलं. सकाळी ते बघून आम्हाला खालच्या अंगणात वाऱ्याची वर्दी मिळे. "आज अकोल्याचा वारा हाये, मास्तर." म्हणजे पश्चिमेचा. हे ऐकून माझ्या कपाळाला बारीकशी आठी पडत असे. तिचं कारण पुढे येईल.

दुसरं म्हणजे ते कधी दार वाजवत नसत. अंगणाच्या मध्यावर उभे राहून हात तोंडाशी नेत आणि हाक घालत, "होऽऽ! हाये का कोनी वरती?"

आम्ही खाली राहत होतो. वर ते स्वतःच राहत. पण बोटीवाल्यांची रीतच तशी: पाण्यातून दुसऱ्याच्या बोटीशी जायचं, लांबूनच हाक मारायची आणि वरून "या" आल्याशिवाय पाय टाकायचा नाही. "हाक मारल्याबिगर पाय ठेवू नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की शाळेत हजेरी घेताना ते माझ्या तोंडात येई. एकदा माझी बायको पुरण वाटत होती. तिने हाक ऐकली आणि हात धुऊन "या" म्हणते म्हणून विसरली. पाव तासाने बाहेर येऊन बघते तर बापू उन्हात उभे. एक पाय भुईवर, दुसरा त्या पायाच्या पोटरीवर. मग अदलाबदल.

कारण ते अनवाणी असत. ही त्यांची तिसरी आणि सगळ्यात प्रसिद्ध तऱ्हा. अंगात गळाबंद कोट, डोक्याला रेशमी फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि पाय उघडे. वैशाखात अमरावतीचा रस्ता तव्यासारखा तापतो, तेव्हा ते भिंतींच्या सावलीसावलीने, अंग चोरून चालत. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे कंजूष आहे. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, तुमाले काय त्रास हाये माह्या पायाचा?" विषय संपला.

आता मी त्यांच्या बोटीवर कसा गेलो ते. नकाशावर कंपास फिरवून मी एक दिवस अंगणात मुलांची शिकवणी घेत होतो. बापू वरून ऐकत होते. मुलं गेल्यावर खाली आले, हाक मारली, मी "या" म्हटलं. बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी समुद्र पाह्यला का?"

"पुस्तकात," मी म्हणालो.

"मंग तुमी पोराईले जे सांगून राह्यले, ते पुस्तकाले मालूम हाये. तुमाले नाई." जरा थांबून म्हणाले, "नाताळात सुटी असते ना? चाला."

बायकोने लगेच माझी वळकटी बांधली. तिचा उत्साह पाहून मला थोडं वाईटच वाटलं.

गाडी अकोल्याला थांबली तेव्हा बापू खिडकीतून बघत म्हणाले, "तुमचे भाऊ अठीच असतेत ना? उतरा. राम राम करून या, गाडी थांबते जराशी."

मी झोपेचं सोंग घेतलं.

ती आठी हीच. माझे थोरले भाऊ अकोल्याला कचेरीत होते. आमच्या पहिल्या मुलीच्या बारशाला मी त्यांना कार्ड टाकलं. आमच्याकडे थोरल्याला आवतण द्यायला स्वतः जायचं असतं, अक्षता घेऊन. मला सुटी नव्हती, किंवा असेल, आळस केला. भाऊ आले नाहीत. त्यांनीही कार्डच टाकलं, आशीर्वादाचं. मुलगी दोन महिन्यांत गेली. तेव्हाही ते आले ते दारात उभे राहूनच परतले, कारण मी "बसा" म्हटलं नाही. त्यानंतर दर दिवाळीला मी सकाळच्या गाडीने अकोल्याला जाई, त्यांच्या पाया पडे, फराळ करी आणि परतीचं तिकीट खिशात चाचपत संध्याकाळच्या गाडीने परत. मध्ये आम्ही पाऊसपाण्याचं बोलत असू. भांडण झालंच नाही, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं.

असो. मुंबईहून आगबोटीने खाडीच्या तोंडाशी आणि तिथून मचव्यावर. पहिले दोन दिवस मी फळीवर आडवा होतो आणि पुस्तकातल्या समुद्राची आठवण काढत होतो. तिसऱ्या दिवशी उठून बसलो तेव्हा दोन्ही बाजूंना माडांची रांग सरकत होती आणि बापू चुलीवर ज्वारीची भाकर थापत होते. बोटीवर ते भाकर आणि ठेचाच खात. त्यांच्या शेजारी नांगर टाकणाऱ्यांना खोकल्यावरून कळे, की वऱ्हाडची बोट आली आहे.

ती भेटीगाठींची दुनिया मी पहिल्यांदा पाहिली. एक म्हातारे वकील होते, ते आठवड्यापूर्वीचं वर्तमानपत्र रोज एक पान याप्रमाणे वाचत आणि पुढचं पान कोणी सांगितलं तर चिडत. एक पारशी बाई होत्या. नवरा वारल्यावर बंगला बंद करून त्या हिवाळाभर बोटीवरच राहत. बापू होडीतून हाक मारत, "होऽऽ! हाये का कोनी वरती?" आणि बाई वरून ओरडत, "आवो आवो, ऑरेंजवाला! तुजी चटनी नको आणू, हां!" चांदीच्या किटलीतून चहा येई. बापू संत्रं सोलून साल न तोडता एका फुलासारखी उघडत आणि बाईंच्या बशीत ठेवत. एकमेकांची भाषा दोघांना अर्धी कळे. तेवढ्यावर ते तासभर बोलत.

त्याच बाईंनी त्या वर्षी सांगितलं, "तुजा नाखवा शिमग्यानंतर मुंबई चालला. पोरीकडे. घर बंद. डोळा गेला ने त्याचा."

बापूंच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता आणि मचवा एका जागी डुलत होता. तेव्हा त्यांनी मला आपण होऊन सांगितलं. हा मचवा त्या नाखव्याने बांधलेला. नाखवा म्हणजे बोटीचा मालक आणि जाणता. तरुणपणी मुंबईला संत्री विकायला आलेल्या बापूंना त्यानेच पहिल्यांदा पाण्यावर नेलं, शीड धरायला शिकवलं, दोन वर्षं खपून मचवा उभा केला. पाण्यात लोटायचा दिवस आला. नाखवा नारळ आणायला घरी गेला.

"आन् म्या काय केलं मास्तर," बापू म्हणाले, "आपल्याकडं नव्या छकड्याले काय बांधतेत? नजर लागू नाही म्हून?"

मला कळलं.

"बिब्बा, लिंबू, आन् जुनी चप्पल. म्या पायातली काढली आन् नाळेवर टांगली. पार समोर. लई प्रेमानं."

बोटीची नाळ म्हणजे यांचा देव. तिथं हळदकुंकू लागतं. नाखवा नारळ घेऊन आला, त्याने ते पाहिलं. एक शब्द बोलला नाही. चप्पल सोडली, बापूंच्या हातात दिली, नारळ खाली ठेवला आणि घरी निघून गेला. आपल्या हाताने बांधलेल्या मचव्यावर त्याने त्या दिवसापासून पाय ठेवला नव्हता.

"काहून रागावला तेच मले दोन दिस समजलं नाई. एका खलाशानं सांगतलं. तवापासून..." त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. भेगा पडलेले, काळे ठिक्कर. "बारा वर्सं झाले."

"मग जाऊन सांगायचं ना त्याला!"

"दर साली जातो नं. टोपलं ठेवतो धक्क्यावर, आन् येतो परत."

"हाक मारत नाही?"

"कोन्त्या तोंडानं मारू?" बापू म्हणाले. "वरून 'या' नाई आलं तं?"

जो माणूस सगळ्या कोकणपट्टीला हाका मारत हिंडत होता, तो एका धक्क्यावर मात्र चोरासारखा येऊन जात होता. आणि आता शिमग्यानंतर तो धक्काही राहणार नव्हता. मी दर दिवाळीला खिशातलं तिकीट चाचपणारा माणूस. मी काय बोलणार?

पुढच्या सकाळी भरतीला आम्ही नाखव्याच्या गावी पोचलो. मचवा मधल्या खोल पाण्यात, खलाशी त्यावरच. बापू आणि मी होडीतून धक्क्याला. टोपली त्या वर्षी मोठी होती, दोघांनी उचलली. ती धक्क्याच्या माथ्याशी ठेवली आणि बापू घाईने म्हणाले, "तुमी होडी बांधा, घागर भरून आना वरच्या विहिरीवरून. लवकर या. म्या तवर बसतो," आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका जुन्या पडावामागे, मालवाहू बोटीच्या आडोशाला, दिसेनासे झाले. तिथून नाखव्याचं घर दिसत होतं आणि घरातून ते दिसत नव्हते. होडी मात्र ना त्यांना दिसत होती, ना त्या घरातून. भूगोलाच्या मास्तराने बांधली आहे, ही त्यांची खात्री.

विहिरीशेजारी शाळा होती. तिथल्या गुरुजींनी विचारपूस केली. मी भूगोल शिकवतो म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. म्हणाले, "आमच्या मुलांना दोन शब्द सांगा." घागर कट्ट्यावर ठेवून मी आत गेलो आणि समुद्रावर जन्मलेल्या मुलांपुढे, फळ्यावर चंद्र काढून, भरती-ओहोटीवर व्याख्यान दिलं. चांगलं दोन तास झालं. मुलं फार लक्ष देऊन खिडकीबाहेर बघत होती. शेवटी शेवटी तर सगळा वर्ग तोंडाला हात लावून गदगदत होता. मला वाटलं, विषय रंगला.

"गुरुजी," एक मुलगी उभी राहून म्हणाली, "ती होडी तुमचीच काय?"

मी पळत खाली आलो. शाळा माझ्यामागे. मचव्यावरून खलाशी पोट धरून हसताना दिसत होते. दोर ओलाव्याने इतका आवळला होता, की गाठ सुटेना. सुटून तरी उपयोग नव्हता, खाली गुडघाभर चिखल. पाणी आता संध्याकाळपर्यंत यायचं नव्हतं, हे मी नुकतंच फळ्यावर सिद्ध केलं होतं. त्या गलक्याने वरच्या घराचं दार उघडलं.

काठी टेकत एक उंच म्हातारा खाली आला. डोळे बारीक करून त्याने होडीकडे पाहिलं, मग हाताने दोर चाचपला, मग गाठ.

"हितं बैल कोनी बांधला?" त्याने विचारलं.

मुलं फुटली. मी म्हणालो, "मी बांधला. वऱ्हाडचा आहे."

म्हाताऱ्याचा हात गाठीवर तसाच राहिला. "वऱ्हाडचा? मंग दुसरा कुठं हाय?"

पडावामागून बापू बाहेर आले. फेटा सावरत, कालवांच्या धारदार शिंपल्यांवरून एकेक पाऊल टाकत. नाखव्याला चेहरा दिसत नसावा, पण त्या शिंपल्यांवर जोड्याचा आवाज येत नाही, हे त्याच्या कानाला कळलं. तो जवळ गेला, वाकला आणि चक्क बापूंच्या पायाला हात लावून पाहिला. बापू मागे सरले.

"पायतान कुठं हाय तुमचं?"

"नाई घालत."

"कवापासून?"

"तवापासून."

गुरुजींनी मुलांना शाळेत पिटाळलं.

"काय वो," नाखवा शेवटी म्हणाला, "दर साली फळं ठेवून पळून जाताव. मी काय वाटेवरला म्हसोबा हाय?"

"आमच्याकडं नव्या छकड्याले बांधतेत," बापू एकदम बोलायला लागले. बारा वर्षं पाठ केलेलं ते सगळं उलटसुलट बाहेर आलं. "नजर लागू नाही म्हून. तुमच्या कामाले नजर लागू नाही म्हून बांधली. मले काय मालूम! तुमी बोलले बी नाई!"

"तुमी इचारलाव बी नाय!"

"कसा इचारू? तुमी दार लावून घेतलं!"

"दार लावलंय ते उघडायला हाक लागते! साऱ्या खाडीत बोंबलत फिरताव. पारशिनीला हाक, वकिलाला हाक, माझ्या दारात तोंड शिवलंव?"

दोघं भांडू लागले. बारा वर्षांपूर्वी करायचं राहिलेलं भांडण, सगळंच्या सगळं. कोणालाही तिथून निघून जाता येत नव्हतं. नाखवा संतापून घराकडे दहा पावलं गेला आणि परत आला. बापू संतापून होडीकडे गेले, ती वरून लटकत होती, तेही परत आले. दुपार झाली तेव्हा दोघं टोपलीच्या दोन बाजूंना बसले होते आणि बापू संत्रं सोलत होते. नाखव्याच्या घरून भात आला. बापूंनी फडक्यातली भाकर आणि ठेचा काढला. नाखव्याने ठेचा चाखला आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "हे तुमी रोज खाताव? मंग चप्पल काय, तुमी कायबी टांगाल."

सहाच्या सुमाराला पाणी वर आलं आणि होडी आपोआप, कोणाच्या उपकाराशिवाय, तरंगायला लागली. गाठ नाखव्याने सोडली. मला म्हणाला, "दोर असा सैल सोडायचा, मास्तर. पान्याला खाली-वर व्हायला जागा पायजे." आणि आपण होडीत बसला.

मचव्याशी आल्यावर बापू आधी वर चढले. मी चढलो. नाखवा होडीतच बसून राहिला. हात लांब करून त्याने मचव्याच्या फळीवर तळवा फिरवला, आपल्याच हाताचं काम ओळखत. मग हात मागे घेतला, मान वर केली आणि मोठ्याने हाक मारली:

"होऽऽ! हाय का कोन वरती?"

बापूंनी "या" म्हणायला तोंड उघडलं. आवाजच निघेना. दोनदा प्रयत्न केला. फेट्याचा शेमला तोंडात धरून ते तसेच उभे राहिले. शेवटी मीच ओरडलो, "या! या!" जन्मात मी एवढ्या मोठ्याने कोणाला "या" म्हटलं नव्हतं.

नाखवा त्या वर्षी मुंबईला गेला नाही. पुढची काही वर्षं तो हिवाळाभर मचव्यावरच सुकाण्याशी बसलेला असे. दिसत नसताना खाडीचं प्रत्येक वळण सांगत असे आणि बापू ते ऐकत असत, असं बापूंनी मला दरसाल सांगितलं. बापू परतले तेव्हा मुंबईहून नवा जोडा घेऊन आले. सवय मोडलेली, त्यामुळे तो त्यांना लागे. महिनाभर लंगडत हिंडले, पण मोठ्या ऐटीत.

मी घरी पोचलो आणि हे सगळं बायकोला सांगितलं. ती तूर पाखडत होती. होडी टांगली तिथं ती हसली, चपलेपाशी सूप थांबलं. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "एकंदरीत माझ्या चुकीनं काम झालं म्हणायचं."

"किती वेळ अडकले होते ते दोघं?" तिने विचारलं.

"असतील सात-आठ तास."

तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग मान खाली घालूनच म्हणाली, "आवंदा अकोल्याले जाल तवा परतीचं तिकीट काढू नका."